अक्षरओळख

दिवाळीच्या अंकात चोराची गोष्ट कशाला, असे म्हणू नका. देणीघेणी चुकती करायचे हेच दिवस, आणि चोराचीही दिवाळी हीच.

आमच्या सौ.चे धाकटे बंधू ठाण्याला पंपांचे सुटे भाग विकतात. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी ते चपलांसकट घरात शिरले. हातात दोन छापील कागद.

"भावोजी, जन्मभर हिशेब तपासलेत ना? यांत फरक काय तो सांगा."

दोन्ही ई-मेल त्यांच्या कोइमतूरच्या जुन्या पुरवठादाराचे. तेच बोधचिन्ह, तोच बिलाचा आकडा, खाली तोच "आपला नम्र". दुसऱ्यात एवढेच जास्त की, आमचे बँकेतले खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी. मी चष्मा पुसून दहा मिनिटे पाहिले आणि हरलो. सौ. पदराला हात पुसत आली नि म्हणाली, "पत्त्यातला हा एम जरा ऐसपैस बसलाय."

तांदूळ निवडणारे डोळे ते! तो एम नव्हताच. इंग्रजी आर आणि एन खेटून बसवले की एम दिसतो. असे जुळे नाव थोडक्या पैशांत कोणालाही नोंदवता येते. एलच्या जागी एकाचा आकडा, ओच्या जागी शून्य. रशियन लिपीतला अ घातला, तर सौ.नेसुद्धा हात टेकावेत!

साडेअकरा लाख गेले होते. पुरवठादाराने तिसऱ्या दिवशी पैशांची आठवण केली तेव्हा उलगडा झाला. १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच फोन केला म्हणून चार लाख वाटेत अडकले; बाकीचे गेले ते गेले. ज्या बाईंनी पैसे भरले, त्यांची नोकरी बावीस वर्षांची. मेहुणे म्हणाले, "उद्यापासून त्या घरी."

मी म्हटले, "फेसबुक आणि गूगल यांना काय अक्कल कमी आहे? लिथुआनियाच्या एका इसमाने तैवानच्या क्वांटा कंपनीच्या नावाचीच कंपनी लाटव्हियात काढली, आणि २०१३ ते २०१५ या काळात त्या दोघांकडून दहा कोटी डॉलरांहून अधिक उकळले. २०१९ साली अमेरिकेत त्याला पाच वर्षांची सजा झाली. तुमच्या बाई मोठ्या पंगतीत बसल्या, एवढेच."

मेहुणे गप्प झाले. पण पटले नव्हते.

दोन दिवसांनी संगणकवाला आला. त्याने डीमार्क नावाचा बंदोबस्त सांगितला. त्यामुळे आपला अस्सल पत्ता लावून दुसऱ्याने पाठवलेले पत्र परत फिरवता येते. अवश्य करावा. पण जुळ्या नावाचा मालक खुद्द चोरच. त्याच्या पत्रावर त्याची मोहोर अगदी खरी! रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव आडनाव दिले. पंपवाल्यांना असे गोत्र कोण देणार?

मग त्याने टपालपेटी उघडली. कोइमतूरच्या प्रत्येक पत्राची एक प्रत गुपचूप बाहेर जात होती. म्हणूनच चोराला बिलाची तारीखसुद्धा ठाऊक! ही पेटी कोणाची? खुद्द मेहुण्यांची. जूनमध्ये कसल्याशा खोट्या पानावर त्यांनीच परवलीचा शब्द भरला होता.

बाई राहिल्या. मेहुण्यांनी स्वतःच्या सहीने फर्मान काढले: खाते बदलल्याचे पत्र आले, किंवा कोणी घाईने पैसे मागितले, की जुन्या वहीतल्या क्रमांकावर फोन करून आवाज ऐकायचा. पत्रातल्या क्रमांकावर नव्हे.

परवा ते लोणावळ्याला होते. तिथून बाईंना लिहिले, "रोषणाईवाल्याला वीस हजार ताबडतोब पाठवा. बैठकीत आहे, फोन नको." बाईंनी फोन केलाच. मेहुणे खेकसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "ओळखला आवाज. पाठवते."

ही तक्रार घेऊन ते आमच्याकडे आले. सौ.ने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण वीस हजारांची रोषणाई कशाला रे?"