एकशे आठवे प्रकरण

‘डेथ नोट’ ही जपानी ॲनिमे मालिका पाहून संपवणाऱ्यांचे दोन पंथ आमच्या पाहण्यात आहेत. पहिला पंथ म्हणतो, शेवट उत्तम झाला. गुन्हेगाराला शासन झाले, हिशेब चुकता झाला. दुसरा म्हणतो, शेवट फसला; लाइटच जिंकायला हवा होता, कारण तो मारत होता ते नराधमांनाच. हे दोन्ही पंथ एकमेकांशी हिरिरीने भांडतात. आमच्या मते त्यांच्यात भांडण्यासारखे काही नाही. दोघांनाही एकच वस्तू हवी आहे, ती म्हणजे समाधान. एकाला ते मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही, एवढाच फरक. आमचे भांडण ह्या मागणीशीच आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाइट यागामी हा एका पोलीस अधिकाऱ्याचा कुशाग्र मुलगा. र्‍यूक नावाच्या मृत्युदेवाने पृथ्वीवर टाकलेली वही त्याच्या हाती लागते. ज्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून त्या वहीत नाव लिहावे, तो माणूस चाळीस सेकंदांत हृदयक्रिया बंद पडून मरतो. लाइट गुन्हेगारांची नावे लिहू लागतो. जग त्या अज्ञात शिक्षाकर्त्याला ‘किरा’ म्हणू लागते, गुन्हे घटतात, लोक त्याची भक्ती करू लागतात. मग त्याचा माग काढणाऱ्या निरपराध माणसांची नावेही त्याच वहीत उतरतात. त्सुगुमी ओबा ह्यांची कथा आणि ताकेशी ओबाता ह्यांची चित्रे असलेला मूळ मांगा डिसेंबर २००३ ते मे २००६ ह्या काळात १०८ प्रकरणांत प्रसिद्ध झाला. तेत्सुरो अराकी ह्यांनी दिग्दर्शित केलेली ३७ भागांची ॲनिमे मालिका २००६-०७ मध्ये दाखवली गेली. शेवट ठाऊक नसलेल्यांनी येथेच थांबावे. आम्हांला बोलायचे आहे ते शेवटाविषयीच.

‘कार्टूनवर एवढा काथ्याकूट कशाला’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्या ज्येष्ठांना एवढेच सांगतो की आमच्या पारशिवनीच्या बसस्थानकावर नागपूरच्या गाडीची वाट पाहणारी मुले आज मोबाईलवर जे पाहतात, त्यात हीही मालिका असते. न्याय म्हणजे काय, ह्या प्रश्नाशी त्यांची पहिली गाठ कदाचित येथेच पडते. ती कशी पडते, हे पाहणे टीकेचे काम आहे.

प्रथम ‘नैतिक संदिग्धता’ ह्या शब्दाविषयी. हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. नायक थोडा वाईट, खलनायक थोडा चांगला, दोघांचेही थोडे थोडे बरोबर, असे मिश्रण दिसले की आम्ही मंडळी ‘संदिग्ध’ म्हणून मान डोलावतो. ह्या अर्थाने ‘डेथ नोट’ मुळीच संदिग्ध नाही. दुसऱ्याच भागात, दूरचित्रवाणीवर आपल्याला आव्हान देणाऱ्या माणसाला लाइट निव्वळ दुखावलेल्या अहंकारापोटी मारतो. तो माणूस फाशीची शिक्षा झालेला कैदी होता, हे नंतर उघड होते. लाइटला ते ठाऊक नव्हते. लेखकाने त्याचा निवाडा तेथेच करून टाकला आहे. मग उरलेले पस्तीस भाग कशासाठी? ते आमच्यासाठी आहेत. निवाडा होऊनही लाइट पकडला जाऊ नये म्हणून आम्ही श्वास रोखून बसतो. त्याची युक्ती फळली की हायसे वाटते. एल ह्या गुप्तहेराचा मृत्यू झाला की वाईट वाटते, तरी पुढचा भाग लावतो. कथेत संदिग्ध काही असेल तर ते लाइटचे पाप नव्हे. त्याच्या बाजूने धडधडणारे आमचे काळीज आहे.

आता शेवटाकडे येऊ. ह्या कथेला दोन शेवट आहेत, आणि त्यांतील फरकाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

मांगामध्ये लाइटचे मरण अत्यंत केविलवाणे आहे. गोदामाच्या फरशीवर रक्ताने माखलेला हा ‘नव्या जगाचा देव’ र्‍यूकची गयावया करतो, मरायचे नाही म्हणून आकांत करतो. र्‍यूक पहिल्याच भेटीत कबूल केल्याप्रमाणे त्याचे नाव आपल्या वहीत लिहितो. संपले. ॲनिमेतील लाइट मात्र जखमी अवस्थेत निसटतो. मावळत्या उन्हात लंगडत धावतो. वही सापडण्यापूर्वीचा विद्यार्थी लाइट त्याला वाटेत दिसतो. एका जिन्यावर तो कोसळतो, र्‍यूक दुरून त्याचे नाव लिहितो आणि मरता मरता त्याला एलची छाया दिसते. दृश्य सुंदर आहे, ह्यात शंका नाही. आमची तक्रार ह्या सौंदर्याविषयीच आहे. प्रेक्षकाला येथे दोन्ही गोष्टी एकदम मिळतात. पापाला शासन झाल्याचे समाधान मिळते आणि पाप्यासाठी दोन अश्रू ढाळण्याची मुभाही मिळते. पडदा पडतो आणि प्रेक्षक मोकळा होतो.

मांगा त्याला मोकळे सोडत नाही, कारण तेथे लाइटच्या मरणानंतर आणखी एक प्रकरण आहे. एकशे आठवे, जपमाळेचे मणीही तितकेच. वर्ष उलटले आहे. लाइटवर गोळ्या झाडणारा मात्सुदा, ज्याच्या मनात किराविषयी थोडा ओलावा होता, एक शंका बोलून दाखवतो. विजयी ठरलेला निअर खरोखर बुद्धीच्या बळावर जिंकला, की त्यानेही किराच्या हस्तकाचे, मिकामीचे, नाव वहीत लिहून त्याच्याकडून हवी तशी चूक करवून घेतली? सहकारी ती शंका उडवून लावतो, पण ती निकालात निघत नाही. आणि शेवटच्या पानांवर, रात्रीच्या अंधारात मेणबत्त्या घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसांची रांग आहे. एक तरुणी हात जोडून किराची प्रार्थना करते आहे. देव मेला, देऊळ शाबूत आहे. ॲनिमेने मात्सुदाची शंका वगळली आणि हे देऊळही शेवटातून काढून टाकले. आमच्या मते कृतीचे सार तेथेच होते.

असा शेवट आपल्याकडे नवा नाही. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगभूमीवर आले. १७९१ मध्ये पुण्यात जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले, हा इतिहास. नाटकात त्याने केलेला छळ आम्ही पाहिलेला असतो. जमाव त्याच्यावर तुटून पडतो तेव्हा प्रेक्षकाच्या मनातही कोठेतरी ‘बरे झाले’ उमटते. त्याच क्षणी तेंडुलकर नाना फडणविसाला पुढे आणतात. घाशीरामाला कोतवाली देणारा नाना, त्याला जमावाच्या हवाली करणाराही नाना. आणि आता पुण्यावरचे संकट टळले म्हणून उत्सव फर्मावणाराही तोच. लोक नाचतात. खलनायक मेला, शेवट झाला, आणि ज्याने खलनायक घडवला तो लोकांचे समाधान आपल्या पदरात पाडून घेतो. नाटक पाहून बाहेर पडणाऱ्याच्या घशात अडकतो तो घाशीरामाचा मृत्यू नव्हे, तो नाच.

येथवर कथा आणि नाटके झाली. आता जे घडले त्याकडे वळू, कारण ते आमच्यापासून तासा-सव्वातासाच्या अंतरावर घडले. पारशिवनीहून एस.टी.ने नागपूरला कोर्टाच्या तारखेला जाणारी माणसे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. संध्याकाळी परतताना ती एवढेच सांगतात, ‘पुढची तारीख पडली’. त्याच नागपूरच्या जिल्हा न्यायालयात १३ ऑगस्ट २००४ रोजी अक्कू यादव ह्या गुंडाला जमावाने ठार केले. जमावात बहुसंख्य स्त्रिया होत्या, कस्तुरबानगर ह्या वस्तीतल्या. खून, बलात्कार, खंडणी ह्यांनी त्याने ती वस्ती दशकभर नासवली होती. पोलिसांकडे गेले तर तक्रार आधी त्याच्याच कानी पडते, हा त्या स्त्रियांचा अनुभव होता. डोळ्यांत तिखटाची पूड, अंगावर सत्तरांहून अधिक वार, आणि मग ‘आम्हां सगळ्यांनाच अटक करा’ म्हणणाऱ्या बाया. २०१४ मध्ये न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले.

ह्या स्त्रियांना लाइटच्या पंक्तीला बसवण्याचा आमचा हेतू नाही. तसे करणे हा अपराध होईल. लाइट बंद खोलीत बसून, स्वतःला खरचटलेही नसताना, अनोळखी माणसांची नावे लिहितो. ह्या स्त्रिया भर दिवसा, उघड्या चेहऱ्याने, ज्याने आपल्याला छळले त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. आणि त्याही राज्याचे सारे दरवाजे ठोठावून झाल्यावर. त्यांच्याविषयी निवाडा देण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाही. आमचा प्रश्न दूर बसून टाळ्या वाजवणाऱ्या आमच्यासारख्यांचा आहे. ‘बरे झाले, असेच करायला हवे’ हे वाक्य त्या दिवसापासून आजपर्यंत आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. ते बोलणाऱ्यांपैकी कितीजणांनी पुढचा प्रश्न विचारला? त्या वस्तीच्या तक्रारी दहा वर्षे कोणी दाबल्या? ज्यांनी दाबल्या त्यांचे काय झाले? अक्कू यादव मेला आणि ह्या प्रश्नांची निकड संपली. गोष्टीचा शेवट झाला होता ना! ‘२०० हल्ला हो’ हा २०२१ चा चित्रपट आणि उमेश कुलकर्णी ह्यांनी दिग्दर्शित केलेली २०२२ ची माहितीपट-मालिका ह्या घटनेवर निघाल्या. त्या पाहणाऱ्यांच्याही तोंडी आम्ही मुख्यतः तेच वाक्य ऐकले.

हे समाधान निरुपद्रवी नाही. ते वापरता येते, आणि वापरले जाते. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. त्याच दिवशी पोलिसांवर फुले उधळली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने चौकशी केली. त्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती विकास सिरपूरकर हे आमच्या विदर्भातलेच. चकमकीची पोलिसांनी सांगितलेली हकिगत विश्वासार्ह नाही, आरोपींवर जीव घेण्याच्या उद्देशानेच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि दहा पोलिसांवर खटला चालावा, असा निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाला. फुले उधळणाऱ्यांपैकी कोणी तो अहवाल वाचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीने मेला, तेव्हा गावाच्या नावावर कोटी करून ‘बदला पुरा’ असे फलक मुंबईत झळकले. त्याच्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचा दंडाधिकाऱ्यांचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आला, तोवर फलक उतरले होते. पीडित मुलींना जो न्याय न्यायालयात, पुराव्यानिशी, संस्थेच्या जबाबदारीसह मिळायला हवा होता, त्याची वाट त्या गोळीने बंद केली. पण शेवट समाधानकारक झाला. नानाचा उत्सव साजरा झाला.

एकशे आठवे प्रकरण म्हणतो ते हेच. आयोगाचा अहवाल हे एकशे आठवे प्रकरण. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल हे एकशे आठवे प्रकरण. आम्हांला एकशे सातव्यावर उठून जायची सवय लागली आहे, आणि ही सवय आमच्या मनोरंजनाने लावली आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला निदान गोष्टीत तरी न्याय मिळू नये काय? दिवाळीनंतरच्या मंडईत खडी गंमत पाहायला बसलेला आमचा शेतकरी दुष्टाची फजिती पाहून हसतो, ते त्याचे हसू हिरावून घेणारे तुम्ही कोण? आक्षेप आम्हांला मान्य आहे. त्या हसण्याशी आमचे वैर नाही. मंडईतला माणूस जाणतो की हे सोंग आहे, आणि उद्या सावकार तोच आहे, तलाठीही तोच आहे. त्याचे समाधान त्याला फसवत नाही. आमचा विरोध आहे तो गंभीर असल्याचा आव आणणाऱ्या कलाकृतीने, न्यायाचा प्रश्न उभा केल्यावर, प्रेक्षकाला सुटकेची पावती फाडून देण्याला. प्रश्न विचारला असेल तर तो घरी नेऊ द्यावा.

दुसऱ्या टोकाचा आळसही आम्हांला अमान्य आहे. शेवटच न करणे, सारे धूसर ठेवून ‘प्रेक्षकाने ठरवावे’ म्हणून हात झटकणे, ह्यात कसलेही धैर्य नाही. मांगाने तसे केलेले नाही. लाइट दोषी आहे, त्याचे मरण त्याच्या कर्माचे फळ आहे, हे तेथे लख्ख सांगितले आहे. पात्राचा हिशेब पुरा करावा. वाचकाचा हिशेब मात्र उघडा ठेवावा. चांगल्या शेवटाची आमची कसोटी एवढीच.

ह्याच कथेत एक बाप आहे, सोइचिरो यागामी. किराचा शोध घेता घेता तो मरणपंथाला लागतो. मृत्युदेवाची दृष्टी त्याने अर्धे उरलेले आयुष्य देऊन विकत घेतलेली असते. त्या दृष्टीने तो मुलाकडे पाहतो, आणि वहीच्या एका नियमामुळे त्याला खात्री पटते की आपला लाइट किरा नाही. तो समाधानाने डोळे मिटतो. लाइट त्याच्या उशाशीच असतो, आणि त्या क्षणीही बापाच्या हातून वहीत आणखी एक नाव लिहवून घेण्याच्या खटपटीत असतो.

साऱ्या मालिकेत खरोखर समाधानकारक शेवट लाभला तो ह्या एका माणसाला. तो कशामुळे लाभला, हे विसरू नये.