झेंडू एकच, मेक्सिकोत पितरांचा, आपल्याकडे दसऱ्याचा! शेतकऱ्याचे गणित कुठे अडते?

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला ‘मृतांचा दिवस’ असतो. गेलेल्यांचे फोटो, त्यांचे आवडते पदार्थ, मेणबत्त्या आणि झेंडू घरात मांडले जातात. झेंडूच्या रंग-वासाने पितरांना घराची वाट सापडते, अशी तिथली श्रद्धा. युनेस्कोने २००८ मध्ये ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

आपल्याकडे काय वेगळे?
भाद्रपद वद्य पक्षात आपणही पितरांना जेवू घालतो, कावळ्याला घास ठेवतो. पण मूळचा मेक्सिकोचा झेंडू इथे दसऱ्याच्या तोरणात बसला. पितृपंधरवड्यात शुभकार्ये टाळली जातात, त्यामुळे फुलांचा उठाव कमी असतो. सर्वपित्री अमावास्या सरली, घट बसले की मागणी वाढते.

अडचण कुठे?
मेक्सिकोतील तारीख ठरलेली. आपला दसरा मात्र तिथीने येतो. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे २० ऑक्टोबरला. म्हणजे १८ दिवसांचा फरक. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुले येतात. गेल्या वर्षीच्या तारखेला लागवड केली, तर पहिला तोडा थेट पितृपंधरवड्यातल्या पडत्या बाजारात जाऊ शकतो. तोडलेले फूल फार दिवस टिकतही नाही.

बारामतीच्या जिरायती पट्ट्यातील लोणी भापकरसारख्या गावांत पाणी मोजून वापरावे लागते. तिथे चुकलेला आठवडा अधिक महागात पडतो. म्हणून लागवडीआधी हवामानाच्या अंदाजाइतकेच पंचांगही पाहायला हवे.