दोन सूत माया

भाची न्यू जर्सीला परत जायच्या आदल्या रात्री माझ्या हातात एक पाकीट ठेवून गेली. मला आधी ती काजूकतलीच वाटली. तसाच चौकोनी गठ्ठा, वरून कागदाची पट्टी, मध्ये फीत. उघडलं तर आत कापड. पाच इंच लांब, पाच इंच रुंद, ४२ तुकडे. फुलाफुलांचे, ठिपक्यांचे, चौकड्यांचे. एकही मोठा नाही, एकही छोटा नाही. "मावशी, आजीला म्हणावं बाळाला दुपटं शिव. कापायचं काहीच नाही, नुसतं जोडायचंय. तू मदत कर."

नुसतं जोडायचंय, हे वाक्य पुढे मला फार महाग पडलं.

आई ब्याऐंशीची आहे. कराडकडची. गोधडी हा शब्द तिनं लग्नानंतर पुण्यात ऐकला असावा. तिच्या तोंडी वाकळच. तिनं वरचा तुकडा अंगठ्याखाली घासून बघितला, उलटा केला, उजेडात धरला आणि विचारलं, "कापड नवं आहे. चांगलं आहे. मग फाडलंय कशाला?"

याला सोपं उत्तर नाही. अमेरिकेत रजया शिवणाऱ्यांसाठी असं आधीच कापलेलं कापड दुकानात मिळतं. पाच इंची चौकोनांचा गठ्ठा म्हणजे चार्म पॅक, दहा इंची चौकोनांचा लेयर केक, अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी म्हणजे जेली रोल. नावं बेकरीतली, माल कापडाचा. त्यातलं चार्म हे नाव मात्र जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडच्या बायका चार्म क्विल्ट शिवायच्या. त्यात एका कापडाचा तुकडा पुन्हा वापरायचा नाही, असा नेम. मग शेकडो वेगळी कापडं आणायची कुठून? शेजारणींकडून, बहिणींकडून, पत्राच्या पाकिटातून. आता ती देवाणघेवाण कारखाना परस्पर उरकून टाकतो. एका कंपनीच्या एका मालिकेतली छापील कापडं एका गठ्ठ्यात येतात, आणि ती एकमेकांना शोभतील याची काळजी कुणीतरी आधीच घेतलेली असते.

आईच्या वाकळेत शोभण्याचा प्रश्न नंतरचा. आधी प्रश्न असायचा टिकण्याचा. नऊवारी लुगडं चौपदरी घातलं की सव्वादोन वारांची लांबी आपोआप मिळते, कापायची गरजच नाही. आमचं कापून ठेवलेलं कापड म्हणजे लुगडंच, असं म्हणायला हरकत नाही. त्याच्या पोटात विरलेली धोतरं, फाटक्या चादरी, आणि वर जिथं झिजलंय तिथं ठिगळ. ठिगळ झिजलेल्या जागेच्या मापाचं. टेप लावून कुणी कापत नसे. शिवण धावदोऱ्याची. कडेपासून सुरू करायचं आणि आत आत येत राहायचं. चूक झालीच तर पुढचा टाका ती पोटात घेई.

सगळीकडे असंच होतं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणातलं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतावर घालून विरलेल्या कपड्यांच्या रजया शिवायच्या. १९७२ मध्ये त्या भागातल्या बायकांच्या सहकारी संस्थेला सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं, आणि उरलेल्या नव्याकोऱ्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या घरोघरच्या रजयांमध्ये शिरल्या. पुढे त्या रजया मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. आपल्याकडेही हल्ली गोधडी प्रदर्शनात टांगलेली दिसते, खाली किमतीची चिठ्ठी. ती चिठ्ठी आईला दाखवली की ती नेहमी म्हणते, आम्ही शिवली ती थंडी वाजत होती म्हणून.

तर चौकोन. भाचीनं नमुनाही सांगून ठेवला होता. नऊ चौकोन घ्यायचे, तीनाच्या तीन ओळी शिवायच्या, झाला एक ठोकळा. त्याला ब्लॉक म्हणतात. मग तो पूर्ण झालेला ब्लॉक मधोमध उभा कापायचा, मधोमध आडवा कापायचा, चार तुकडे फिरवायचे आणि पुन्हा शिवायचे. त्यानं नऊ घरांची सरळ जाळी नाहीशी होते. मोठे चौकोन, आयत आणि इवले चौकोन असे काही एकमेकांत बसतात की बघणाऱ्याला वाटतं, केवढी किचकट जोडणी!

मी पाटावर नऊ चौकोन मांडले. मध्ये सगळ्यात गडद, निळा. आई म्हणाली, "हे नवग्रहांचं मांडलंस की." तिला पुढची कृती मी मुद्दामच सांगितली नाही.

आता या कामातली खरी गोष्ट सांगते. दोन कापडं जोडताना कडेला जे कापड शिवणीच्या आत जातं त्याला आपल्याकडे माया म्हणतात. ब्लाउजला आपण इंचभर माया सोडतो, कारण माणूस सुटतं. चौकोनांच्या जोडकामात माया पाव इंच. सुतारकामात एक इंचाची आठ सुतं. म्हणजे दोन सूत. सव्वादोन नाही, अडीच नाही. पाच इंची दोन चौकोन जोडले की दोन्हीकडची माया वजा जाऊन साडेनऊ इंच भरायला हवं. तीन जोडले की १४. पूर्ण ब्लॉक १४ बाय १४.

माझा साडेतेरा भरला.

टेप सरकला असेल म्हणून पुन्हा मोजला. साडेतेराच. चूक कुठं गेली ते कळायला अख्खी दुपार गेली. तीस वर्षं मी कापडाची कड मशीनच्या पायाच्या उजव्या कडेला लावून शिवत आले आहे. माझ्या मशीनवर ती कड सुईपासून तीन सुतांवर आहे. म्हणजे प्रत्येक कापडाचं एक सूत जास्त आत जात होतं, एका शिवणीला दोन सूत. एका ओळीत दोन शिवणी, झाला अर्धा इंच. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. मी सुतावरून अर्धा इंच गाळात गेले.

त्यात त्या चौकोनांच्या कडा दातेरी. धागे सुटू नयेत म्हणून त्या नागमोडी कात्रीने कापल्यासारख्या असतात. मग पाच इंच कुठून कुठे मोजायचे, दाताच्या टोकापासून की खाचेपासून? माझ्या गठ्ठ्यात टोकापासून टोकापर्यंत पाच भरले. म्हणून शिवताना टोकं रेघेला लावायची, एवढं ठरवून टाकलं. गठ्ठा बदलला तर हे बदलू शकतं, तेव्हा पहिला चौकोन आधी मोजावा. आणि हो, हे तुकडे आधी धुवू नयेत. एवढ्याशा तुकड्याची कड धुण्यात उसवते आणि आकार वेडावाकडा होतो. कापड धुऊन, आटवून मगच शिवायचं हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं, तेव्हा हा नियम पाळताना मला सर्वांत जड गेलं.

पण पहिल्या ब्लॉकची फजिती इथं संपली नाही. भाचीच्या कृतीत लिहिलं होतं, कडेपासून सात इंचांवर कापा. बरोबर, चौदाचे निम्मे सात. मी साडेतेराचा ब्लॉक समोर ठेवून सात इंचांवर कापला. लिहिलेलं होतं ना! कापायला ते गोल पात्याचं चाक, पिझ्झा कापायच्या चाकासारखं. ओल्फा या जपानी कंपनीनं ते १९७९ मध्ये काढलं, आणि रजया शिवणाऱ्यांच्या हातातली कात्री बाजूला पडली. पट्टी ठेवायची आणि एकदाच दाबून फिरवायचं. अगदी लोण्यातून गेल्यासारखं गेलं. कापडातूनही, आणि खालच्या सनमायक्यातूनही. खास चटई खाली घालायची असते, ती मी घेतली नव्हती.

त्याच वेळी आई आतून आली. "शिवलेलं कापतेस? सूर्याचे चार तुकडे केलेस की गं." नवग्रहांत मधलं घर सूर्याचं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

चारही तुकडे वेगळे निघाले. एक सात बाय सात, एक साडेसहा बाय साडेसहा, दोन मधलेच काहीतरी. ते फिरवून ठेवले तर एकही कड दुसरीला भेटेना. मी सगळं गुंडाळून ठेवणार होते. आई चष्मा लावून खाली बसली. तिनं सर्वांत लहान तुकडा हातात घेतला आणि म्हणाली, "याच्या मापाला सगळे आण." मोठे तुकडे मधल्या बाजूने अर्धा इंच छाटले. चारही साडेसहाचे झाले. फिरवून जोडल्यावर ब्लॉक साडेबाराचा झाला, सुबक, पण पुढे होणाऱ्या ब्लॉकांपेक्षा इंचभर कमी. त्यावर आईनं ब्लाउजच्या पांढऱ्या अस्तरातून इंचभर रुंदीच्या चार पट्ट्या काढल्या आणि चारी कडांना लावल्या. इंचाच्या पट्टीतला अर्धा इंच मायेत जातो, अर्धा दिसतो. दोन्ही बाजूंचे मिळून एक इंच. साडेतेरा. तिनं हे कागदावर मांडलं नाही.

पुढचे तीन ब्लॉक मात्र मी शहाण्यासारखे शिवले. सुईपासून दोन सूत मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचा जाड तुकडा लावला, कापडाची कड त्याला टेकवून घ्यायची. सुलट बाजू एकमेकींवर ठेवून चौकोनांच्या जोड्या लावल्या आणि एकामागून एक सुईखाली सोडल्या, मध्ये दोरा न तोडता. मशीनच्या मागे पताका लोंबायला लागल्या. मग तोडून इस्त्री. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. फिरवली की चौकोन ताणून तिरका होतो. पहिल्या ओळीच्या माया डावीकडे पाडायच्या, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या पुन्हा डावीकडे.

असं का, हे हाताला कळतं. दोन ओळी एकमेकींवर ठेवून शिवणीवरून बोट नेलं की एक उंचवटा दुसऱ्या उंचवट्याला अडतो आणि जागच्या जागी बसतो. एवढासा ठेच लागल्यासारखा भास. तिथं टाचणी लावायची. चार चौकोनांचे कोपरे मग एकाच टिंबावर भेटतात. पहिल्यांदा ते टिंब जुळलं तेव्हा मी ते आईला दाखवलं, शेजारच्या वहिनींना दाखवलं, आणि दूधवाल्यालाही दाखवणार होते.

या टिंबाचं मला वाटलेलं अप्रूप आईला काही केल्या वाटेना. तिच्या मते कोपरे जुळले काय, नाही जुळले काय, ऊब तेवढीच. मला तिचं पटतं आणि नाहीही पटत. तिची वाकळ नजरेवर आणि आठवणीवर शिवलेली असते. कुठला तुकडा कुणाचा, हे तिला अंधारात हात लावून सांगता येतं. माझ्या ४२ तुकड्यांपैकी एकही कुणाचा नव्हता. त्यांच्याबाबतीत ठरवायचं फारसं काही उरलेलंच नव्हतं, रंगसुद्धा नाही. मग उरते ती दोन सुतांची शिस्त. वाकळ चूक पोटात घेते. हा ब्लॉक ती दुप्पट, चौपट करून हातात देतो. नवं कापड फाडून पुन्हा शिवण्यातला वेडेपणा मला दिसतो, तरी त्या टिंबासाठी मी तो पुन्हा करीन. रविवार पेठेतून सुती कापड आणून चौकोन घरीच कापीन, एवढाच फरक.

चार ब्लॉक दोनाच्या दोन ओळींत जोडले. साडेसव्वीस इंच बाय साडेसव्वीस इंच. तान्ह्या बाळाला पुरे. मध्ये आईची विरलेली साडी दुहेरी, खाली अजून एक, चारी बाजूंनी चार बोटं जास्त ठेवलेली, ती पुढे दुमडून किनार केली. वरून धावदोरा आईनंच घातला. तिथं मला मशीन लावू दिलं नाही. भाचीला फोटो पाठवला, तर तिनं पांढऱ्या पट्ट्यांच्या ब्लॉकवर गोल करून विचारलं की ही चौकट कुणाच्या डोक्यातून आली, फार छान दिसते. मी आजीचं नाव सांगितलं. अर्धा इंच गाळला.

छत्तीस चौकोन संपले, सहा उरले होते. दुसऱ्या दिवशी बघते तर दुपट्याच्या चारही कोपऱ्यांत दुमडून दुमडून केलेले चार जाड त्रिकोण बसलेले. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका त्यांच्या कवंदीच्या कोपऱ्यांत असेच घडीचे तुकडे शिवतात, त्याला फुलं म्हणतात, आणि फुलांशिवाय कवंदी उघडी मानतात. आईला मी हे सांगितलं. "कोपरा आधी झिजतो," ती म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.

राहिलेले दोन चौकोन तिनं दुपट्याच्या घडीत सरकवले.

"हे कशाला? उरलेत ते."

"जाऊ देत वाकळेबरोबर. फाटंलच की कुठंतरी."