एम.ए. होऊन पोरगी करणार काय?

अर्थशास्त्रात एम.ए. होऊन पोरगी करणार काय, असे आपणच पारावर बोलतो. डॉ. आंबेडकरांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात हीच पदवी घेतली आणि १९१८ मध्ये लहान शेतीवर लिहिताना स्पष्ट मांडले : खोट तुकड्याच्या आकारात नाही, भांडवलाच्या तुटीत आहे.

आपल्या कापसा-ज्वारीचा खर्च आज दिल्लीतले अर्थशास्त्री मांडतात. २०१८ साली सरकारने दीडपट हमीभाव जाहीर केला. पण कशाच्या दीडपट? खिशातून गेलेला खर्च आणि घरची मजुरी, एवढ्याच्याच. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि विहीर-औजारांत अडकलेल्या पैशाचे व्याज त्यात धरलेच नाही! आपण 'दीडपट' या शब्दालाच भुललो. ही वही वाचणारे माणूस आपल्या घरातले हवे. पोरगी शिकते म्हणत असेल, तर पहिल्या वेचणीच्या पैशातून तिची फी आधी बाजूला काढू. सावकाराचे नंतर बघू.