गीबत रोखा, फिर्याद नव्हे
दूध बाजारातली उधारी दुकानदाराच्या वहीत चढते, गीबतीची आपल्या अमलनाम्यात. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार खरा कंगाल तो, ज्याच्या नमाज-रोजांच्या नेक्या कयामतच्या दिवशी त्याने दुखावलेल्यांना वाटल्या जातील. पाठीमागे सांगितलेला दोष खरा असला तरी ती गीबतच. खोटा असेल तर बोहतान.

मात्र सासरी मार खाणारी मुलगी माहेरी बोलली, तर 'गीबत करू नकोस' म्हणून तिला गप्प बसवू नका. इमाम नववींनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये 6 प्रसंगी मुभा सांगितली आहे. न्याय मिळवून देऊ शकणाऱ्याकडे जुलमाविरुद्ध दाद मागणे, हा त्यातला पहिला प्रसंग. तिचे ऐका, तिच्या पाठीशी उभे राहा.