उतरन कोणाची, चर्चा कशाची?

मीरा नायर यांचा 'कामसूत्र : अ टेल ऑफ लव्ह' हा चित्रपट १९९६ साली आला. सोळाव्या शतकातला राजवाडा, राजकन्या तारा आणि तिची दासी माया. इथल्या चर्चेचा रोख नग्न दृश्यांवर आणि सेन्सॉरच्या कात्रीवर राहिला. पाश्चात्त्य समीक्षकांनी छायाचित्रणाची वाहवा केली आणि कथा पोकळ ठरवली. संस्कृतीरक्षक काय, कलावादी काय, मायेच्या अंगावर काय नाही तेवढेच सगळे पाहत बसले. तिच्या अंगावर काय आहे, ते कोणी पाहिले?

तिच्या अंगावर ताराचे उतरलेले कपडे आहेत!

या चित्रपटाचे बीज वाजिदा तबस्सुम यांच्या 'उतरन' या उर्दू कथेत आहे. वाजिदा १९३५ साली आपल्या अमरावतीत जन्मल्या, वाढल्या हैदराबादेत. कथा तिथल्या नवाबी हवेलीतली. दासीची पोर जन्मभर मालकिणीच्या मुलीची उतरन वापरते आणि लग्नाच्या आदल्या रात्री नवरदेवाकडे जाते. आता जन्मभर तू माझी उतरन वापर, हा तिचा सूड. आमचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत त्याच निजामी राज्यात होता. ही गोष्ट आम्हाला परकी कशी वाटावी?

शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत, हे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहिलेले आहे. गावगाड्यात महाराचा 'हक्क' काय, तर मढ्यावरचे कापड! याच वतनाच्या प्रश्नावर बाबासाहेब १९४१ साली आमच्या कसबे तडवळ्याला आले होते. आमची आजी सांगे, वाड्यावरून मिळालेले लुगडे ती आधी दोनदा धुवायची, मगच नेसायची. विटाळ कोणाचा कोणाला होतो, हे म्हातारीला पक्के ठाऊक होते.

नग्नतेबद्दल आमची तक्रार नाही. त्याच १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'बँडिट क्वीन'च्या खटल्यात सांगितले, की फूलनची नग्न धिंड वासना चाळवायला नाही, चीड आणायला दाखवली आहे. वकील म्हणून आम्हाला ती कसोटी मान्य आहे. नायरबाईंचा चित्रपट त्या कसोटीवर अर्धाच उतरतो. सुरुवातीला उतरनीची चीड आहे. पुढे माया रसादेवीकडे कामकला शिकते, शिल्पकाराच्या प्रेमात पडते आणि चीड रेशमी पडद्याआड जाते.

मूळ कथेलाही आमचा एक प्रश्न आहे. दासी सूड घेते, पण उतरन देण्याघेण्याची रीत मोडते का? मालकीण खाली येते, रीत तशीच राहते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना अस्पृश्यपणाची खूण असलेले नेसण आणि दागिने टाकायला सांगितले. बायांनी लागलीच लुगडी घोट्यापर्यंत सोडली. कोणाचा नवरा पळवला नाही, कोणाची उतरन केली नाही. त्या लुगड्यांवर अजून कोणी चित्रपट काढलेला आमच्या पाहण्यात नाही.