ब्रेकची किंमत कोणी मोजायची?

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशातल्या बड्या वाहन-कारखान्यांसाठी इंजिनाचे भाग ओतले जातात. कास्टिंगमध्ये सुईच्या टोकाएवढे छिद्र सापडले तरी माल नापास होतो आणि पुन्हा भट्टीत जातो. गिऱ्हाईक बलाढ्य असल्यामुळे ही शिस्त पाळली जाते. त्याच कोल्हापुरातून पन्हाळा, जोतिबा, गगनबावड्याकडे प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या गाडीत मात्र कोणत्या प्रतीचा लायनर आहे, याची चौकशी करणारे बलाढ्य गिऱ्हाईक कोणी नाही. पासिंगच्या दिवशी ब्रेक लागतो एवढेच दिसते. ड्रमच्या आत काय दडले आहे ते दिसत नाही.

डुप्लिकेट लायनरची खरी मेख येथेच आहे. सपाट रस्त्यावर तो अस्सलासारखाच वागतो. घाट उतरताना सतत ब्रेक दाबावा लागतो, ड्रम तापतो, हलक्या प्रतीच्या लायनरातील राळ जळू लागते आणि पकड सुटते. पाय पेडलवर असतो, गाडी मात्र थांबत नाही. पंचनाम्यात ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असे लिहून मोकळे होणे मग सोपे असते.

दहा-वीस गाड्या बाळगणारा मालक चालकाकडून दिवसाचा ठरलेला भरणा घेतो. दुरुस्तीचा खर्च चालकाच्या अंगावर असेल तर तो स्वस्तातला भाग घेणार, आणि मालकाच्या अंगावर असेल तर मालकही तेच करणार. फरक एवढाच, की घाटात स्टिअरिंगमागे मालक बसलेला नसतो. सरकारनेही या व्यवहाराला हातभारच लावला. अनेक सुट्या भागांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता. तो १८ टक्क्यांवर आला खरा; पण बिनबिलाचा माल आजही स्वस्तच पडतो, आणि बिल नसले की जबाबदारही कोणी उरत नाही.

कायदा नाही असे नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील कलम १८२-अ बदलले. सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेला भाग निकषांत न बसता विकणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. परंतु विक्रेत्याला गाठायचे तर दुकान, गोदाम आणि घाऊक व्यापारी अशी साखळी चढत जावे लागते. चालक मात्र नाक्यावर आयताच सापडतो. पासिंगला उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये आकारण्याचा नियम केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये केला. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील रिक्षा-टॅक्सी संघटना त्याविरुद्ध लढल्या, आणि ते योग्यच होते. सुट्या भागांची प्रत हाही तितकाच जिवाभावाचा, आणि मजुरीचाही, प्रश्न आहे.

शेतकऱ्याला रास्त दराने खत मिळावे म्हणून ज्या शहरात शेतकरी सहकारी संघ उभा राहिला, त्या शहराला चालकांचे सहकारी सुटे-भाग भांडार अवघड नाही. माल घाऊक घ्यावा, प्रत्येक खेपेतील नमुना तपासून घ्यावा, पक्के बिल द्यावे. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांचा खर्च भरण्यातून वगळून मालकाने सोसावा, आणि बदललेल्या भागाचे बिल गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवणे त्याच्यावर बंधनकारक व्हावे, अशी मागणी परिवहन कार्यालयापुढे संघटितपणे मांडली पाहिजे. येत्या पावसाळ्यात घाट निसरडे होण्यापूर्वी तालुक्या-तालुक्यांतील स्टँडवर चालकांच्या बैठका घेऊन हे काम सुरू करता येईल.